बटेसर सावची जीभ

हलवायाच्या लेकीच्या लग्नात दुसऱ्या हलवायाची मिठाई येणार असेल, तर त्यापेक्षा लग्न मोडलेलं बरं, असं म्हणून बटेसर सावनं हातातला झारा कढईवर आपटला. दुधाचे चार थेंब उडून त्याच्याच बनियनवर पडले, त्यामुळे तो आणखीच भडकला.

छठपूजा नुकतीच पार पडली होती. बिहारातल्या मुंगेरात सकाळचं धुकं गंगेवरून उठून गल्ल्यांत शिरायला लागलं होतं, आणि महिन्याभरानं रिमझिमचं लग्न होतं. एकुलती एक लेक, लखीसरायचं चांगलं घर, शाळेत मास्तर असलेला नवरा मुलगा. सगळं कसं दुधात साखर पडावी तसं जमून आलं होतं. आणि ऐन वेळी ही पोरगी दुकानाच्या पायरीवर उभं राहून काय म्हणाली?

"बाबूजी, लग्नात तुम्ही नुसते मुलीचे बाप व्हा. भट्टीपुढे घाम गाळू नका. मिठाई आपण स्टेशनाजवळच्या नव्या दुकानातून मागवू."

"ते काचेचं दुकान? जिथं पेढे एसीत ठेवतात? का, पेढ्यांना ताप येतो?"

"बाबूजी, तसं नाही..."

"मग कसं? सावांच्या घरात तीन पिढ्या पेढे वळतायत. माझ्या बापानं माझ्या आत्यांच्या लग्नात वळले, रामेसर दादानं माझ्या लग्नात वळले. आणि माझ्या लेकीच्या लग्नात मी हात चोळत बसू? गावात नाक राहील का माझं?"

बटेसरनं आशेनं बायकोकडे पाहिलं. सुनैना लसूण सोलत होती. ती इतक्या मन लावून सोलत होती, की तो लसूण नसून जणू केशरच असावं.

"तू तरी बोल!"

"रिमझिम म्हणते ते बरोबरच आहे," सुनैना लसणाला म्हणाली.

बटेसरला कळेना, की घरातल्या दोन बायका एकदम अशा फितूर कशा झाल्या. दुकानात त्याचा हाताखालचा माणूस झगरू खवा घोटत होता, त्याच्याकडे वळावं तर तो खव्यात तोंड घालून बसलेला. तेव्हा बटेसरनं रीतीप्रमाणे कढईतला खवा चिमटीनं उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटले, "साखर कमी आहे" म्हणाला आणि एक मूठ साखर आत सोडली. राग आला की तो हेच करायचा. आनंद झाला की हेच. खरं तर काहीच झालं नाही तरी हेच. पाक झाला का बघायला एक बोट, लाडू वळता वळता एक लाडू, मधे चहा, चहावर तंबाखूची खैनी, खैनीवर पुन्हा चहा. दिवसभर त्याचं तोंड रिकामं म्हणून नसे, आणि याला तो कामाची चोख पद्धत म्हणत असे. "चाखल्याशिवाय हलवाई कसला!" हे त्याचं ब्रीदवाक्य. कोणी उलट बोललं की झारा तयारच असायचा.

हे सगळं वरच्या जिन्यात बसून फुलमती भौजी ऐकत होती.

फुलमती म्हणजे बटेसरच्या थोरल्या भावाची, रामेसर दादाची बायको. दादा गेल्यावर ती वर्षभर नुसती खिडकीत बसून होती. मग एक दिवस उठून गंगेकाठच्या आश्रमात गेली, आसनं-प्राणायाम शिकून आली, आणि तेव्हापासून घराच्या गच्चीवर पहाटे गल्लीतल्या लोकांना शिकवते. साठी उलटलेली बाई, पण कंबर वेतासारखी लवते आणि जीभ त्याहून जास्त. दिराची टिंगल करायचा भौजीला हक्कच असतो, आणि फुलमतीनं तो कधी वाया घालवला नाही.

ती खाली आली. पदर खोचून म्हणाली, "काय बबुआ, कढईशी कुस्ती चाललीय का?"

"भौजी, तुम्हीच सांगा यांना. माझ्या पोरीच्या लग्नात..."

"ऐकलं सगळं. अर्ध्या मुंगेरनं ऐकलं." ती भट्टीजवळच्या पाटावर बसली. "तुला पेढे करायचेत ना? कर. माझा पाठिंबा. पण एक अट आहे."

"बोला."

"आठवडाभर माझ्या गच्चीवर यायचं. पहिल्या दिवशी शंखप्रक्षालन. पोट आतून लख्ख धुवायचं. त्यानंतर आठवडाभर चहा नाही, दूध नाही, साखर नाही, तिखट नाही, आंबट नाही, खैनी तर नाहीच नाही. तांदूळ-मुगाची खिचडी आणि तूप. दुकानात काय करायचं ते कर, पण त्यातला कणसुद्धा जिभेला लागता कामा नये. पाळलंस, तर लग्नाची मिठाई तुझी, घरात कोणी चकार शब्द काढणार नाही. मोडलंस, तर काचेचं दुकान."

बटेसर हसला. "एवढंच? अहो भौजी, मी मनात आणलं तर..."

"मी छठला दीड दिवस पाण्याचा थेंब घेत नाही," सुनैना लसूण बाजूला ठेवून म्हणाली. "तुम्ही उद्या दुपारपर्यंत चहाशिवाय राहून दाखवा. मग मनात आणा."

रिमझिमला हसू फुटलं. झगरूच्या खव्यातूनही काहीतरी खिंकाळल्यासारखं ऐकू आलं.

"ठरलं!" बटेसर ओरडला. "आठवडा नाही, महिना सांगा!"

"शास्त्रात महिनाच सांगितलाय," भौजी शांतपणे म्हणाली, "पण मला तुझी कीव येते. उद्या दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासून ये. काही झालं तर माझ्या नावानं बोंब नको."

संध्याकाळपर्यंत गल्लीत पैजा लागल्या. बहुतेकांनी पथ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या चहावर बोली लावली.

रविवारी पहाटे बटेसर गच्चीवर गेला, तेव्हा तिथं चार बायका, पोस्टातून निवृत्त झालेले घोषालबाबू आणि कोमट पाण्याची दोन मोठी पातेली त्याची वाट बघत होती. भौजीनं पेला भरून हातात दिला. बटेसरनं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"भौजी, हा तर समुद्र आहे!"

"मुंगेरात समुद्र कुठून आणू? आपल्या विहिरीचंच आहे, मीठ टाकलंय. पी."

दोन पेले पोटात गेले. मग हात वर करून चवड्यांवर उभं राहायचं, ताडासारखं. मग ताड वाऱ्यानं हलल्यासारखं दोन्ही बाजूंना झुकायचं. मग कंबर फिरवायची, पोटावर झोपून मान वळवून आपलीच टाच बघायची, उकिडवं बसून पोट दाबायचं. बटेसरनं आपली टाच कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ती त्याला अनोळखी वाटली. मग पुन्हा दोन पेले, पुन्हा ताड. तिसऱ्या खेपेला त्याच्या पोटात ढग गडगडले. त्यानं पायजम्याची नाडी धरली आणि तो जिन्यावरून असा सुटला की खाली सुनैनाला वाटलं, गच्चीवरून काहीतरी पडलं.

तो परत आला तेव्हा घोषालबाबूही त्याच मार्गानं जाऊन आले होते. पोस्टात उभा जन्म गेलेला माणूस. त्यांनी बटेसरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "पोचलं?"

"पोचलं," बटेसर म्हणाला.

त्यानंतर सकाळभर गच्चीवर हाच एक प्रश्न आणि हेच एक उत्तर चाललं होतं. पाणी प्यायचं, ताड व्हायचं, पळायचं, आणि पोचल्याची खबर द्यायची. लाज वगैरे जी काही होती ती दुसऱ्यांदा पळतानाच जिना उतरून गेली. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. बटेसरलाही हसू यायला लागलं, पण हसणं धोक्याचं आहे हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. शेवटी आत गेलेलं पाणी तसंच नितळ बाहेर यायला लागलं, तेव्हा भौजीनं "आता बस" म्हटलं आणि सगळ्यांना सतरंजीवर आडवं केलं. झोपायचं मात्र नाही. बटेसरला आपलं पोट इतकं हलकं लागत होतं, की सतरंजी धरून ठेवली नाही तर आपण उडून जाऊ असं त्याला वाटलं.

मग खिचडी आली. ना मीठ, ना मिरची, वर वाटीभर तूप. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घोषालबाबूंना वाटलं भक्तीनं आलं.

पहिला दिवस असा गमतीत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र खरं काय ते सुरू झालं. डोकं ठणकायला लागलं. चहाची वेळ झाली की त्याच्या अंगाला ते घड्याळाआधी कळायचं. समोरच्या चहावाल्याच्या किटलीची वाफ नेमकी याच्याच दुकानाकडे यायची. कोनाड्यात खैनीची डबी होती, ती त्यानं बघायची नाही म्हणून तिकडे पाठ केली, तर सगळा दिवस पाठीलाच डोळे फुटल्यासारखे झाले. दुपारी त्यानं झगरूवर ओरडून घेतलं, एका गिऱ्हाइकावर ओरडून घेतलं, आणि कोणीच उरलं नाही तेव्हा मांजरावर.

आणि हात! हात त्याचं ऐकतच नव्हता. खवा घोटता घोटता चिमूट भरायचा आणि सरळ तोंडाकडे निघायचा. झगरू दर वेळी "मालिक!" म्हणून किंचाळायचा. एकदा तर बटेसरनं उजवा हात डाव्या हातानं ओठांपाशी पकडला, आणि दोन्ही हात हवेत झुंजत असताना बाहेर पेढे घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "साव, मिरगीचा झटका आला का?"

संध्याकाळी तो तणतणत भौजीकडे गेला. भौजी निवांत मोहरीचं तेल पायाला चोळत होती.

"हे तुमचं तप-बिप माझ्याच्यानं होणार नाही. मी सारखा स्वतःला शिव्या देतोय, मनाला दाबून धरतोय, पण हात काही थांबत नाही."

"शिव्या कशाला देतोस?"

"मग काय ओवाळू त्याला?"

भौजी हसली. "बबुआ, तूप कढवताना आच किती ठेवतोस?"

"मंद. नाहीतर करपतं."

"एवढं लोण्याच्या बाबतीत कळतं, स्वतःच्या बाबतीत कळत नाही? तुझं सगळं मोठ्या आचेवर. तप म्हणजे स्वतःला चटके देणं नव्हे रे. मंद आच, आणि समोर बसून राहणं. उद्या हात उठला की त्याला धरू नकोस, शिवी देऊ नकोस. नुसता बघ. 'हा बघा, निघाला,' असं म्हण. तोंडाला पोचायच्या आत बघितलास तर तो आपोआप खाली येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर काचेचं दुकान आहेच."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बटेसर आपल्या हातावर नजर ठेवून बसला. हात उठला. "हा बघा, निघाला," तो मनात म्हणाला. आणि काय आश्चर्य, चोर पकडला जावा तसा हात अर्ध्यावर थबकला आणि ओशाळून परत कढईकडे गेला. बटेसरला इतकी गंमत वाटली, की तो पुन्हा कधी उठतोय याची वाट बघायला लागला. तसा तो उठतच होता. उठत होता, उठत होता, उठतच होता. दुपारपर्यंत बटेसरची गंमत जिरली. हा हात चाखायला जातच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. चाखणं एकदाच होतं. बाकीचं सगळं नुसतं खाणं होतं, आणि ते खाणंसुद्धा भुकेचं नव्हतं. गिऱ्हाइकानं घासाघीस केली, की हात उठतो. लग्नाचा विचार आला, की हात उठतो. पोरगी आता जाणार हे आठवलं, की हात दोनदा उठतो.

हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. पण त्या रात्री जेवताना तो रिमझिमला "खिचडी छान झालीय गं" म्हणाला, आणि ती दचकली. तिच्या कुठल्याही स्वैपाकाला बाबूजींनी "मीठ कमी, साखर कमी" याशिवाय कधी काही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

पुढच्या पहाटे गच्चीवर धुकं इतकं दाट होतं, की भौजीचा फक्त आवाज येत होता. बटेसर हात वर करून चवड्यांवर उभा होता. त्यानं श्वास आत घेतला, आणि त्याच्या नाकात एकदम गंगा आली. ओल्या वाळूचा वास, त्यामागे नावेच्या डांबराचा, मग कोणाच्या तरी घरी मोहरीच्या तेलात टाकलेल्या मेथीचा, मग लांब कुठंतरी दूध उतू गेल्याचा. तो भान विसरून वास घेत राहिला.

"पलीकडच्या गल्लीतल्या यादवांकडे दूध उतू गेलं," तो धुक्यात मोठ्यानं म्हणाला.

"आसन कर, पंचनामा नको," धुकं म्हणालं.

पण त्याला राहवेना. एवढे वास रोज असतात? आणि आपण कुठं असतो? खैनीच्या डबीत? तो त्या दिवशी दुकानात गाणं गुणगुणत उतरला. झगरूला वाटलं, मालिकनं चोरून काहीतरी खाल्लं. त्यानं मालिकच्या तोंडाचा वास घेण्याचाही प्रयत्न केला.

परीक्षा आली ती अगदी शेवटच्या दुपारी. झगरू जेवायला गेला होता. गल्ली पेंगत होती. बटेसर उद्याचे पेढे करायला बसला होता, कारण उद्या सकाळी आठवडा संपत होता आणि घरासमोर, गल्लीसमोर, स्वतःच्या पेढ्यानं पथ्य सोडायचं असं त्यानं जाहीर केलं होतं. खवा आटून गुलाबी झाला होता. नेहमीच्या हिशेबानं त्यानं मुठीमुठीनं साखर घातली, वेलची कुटून घातली. आता खरं तर चाखायलाच हवं होतं. लेकीच्या लग्नाचा प्रश्न, असं कसं न चाखता ठेवायचं? चिमूटभर. नुसती जिभेच्या टोकाला. कोणी बघत नव्हतं.

हात उठला. मग त्याच्या ध्यानात आलं, की कोणी बघत नाही असं नाही. आठवडाभर हाताकडे बघायची सवय लागली होती, त्यामुळे बटेसर साव स्वतःच जागा होऊन बघत होता, आणि हा पहारेकरी मेला डुलकीही घेत नव्हता. भौजीला फसवता आलं असतं. याला काय सांगणार? तो हवेतल्या हाताकडे बघत राहिला. आणि त्याला जाणवलं, की पैज, काचेचं दुकान, नाक, यातलं काहीच या क्षणी त्याला अडवत नाहीये. त्याला नकोच होतं. साधं, सरळ, नकोच. त्यानं चिमूट परत कढईत सोडली आणि एकट्यानंच हसत पेढे वळायला घेतले. इतका हलका तो शंखप्रक्षालनाच्या दिवशीही झाला नव्हता.

सकाळी दुकानापुढे जत्राच भरली. घोषालबाबू मफलर गुंडाळून आले. चहावाला किटली सोडून आला. भौजी, सुनैना, रिमझिम पायरीवर उभ्या राहिल्या.

"झगरू, साक्ष दे," भौजी म्हणाली.

"मालिकनं कणसुद्धा खाल्ला नाही. माझ्या आईची शपथ."

"मग बबुआ, शब्द म्हणजे शब्द. तू जिंकलास. लग्नाची मिठाई कोणाची?"

"माझी!" बटेसरनं छाती फुगवली, परातीतला पेढा उचलला, सगळ्यांना दाखवला आणि तोंडात टाकला.

आणि थांबला.

त्यानं एकदा चावलं. मग पेढा गालात एका बाजूला ढकलला. साखर नुसती दातांवर चढली, घशाला जाऊन बसली. खवा कुठं होता? वेलची कुठं होती? आटवलेल्या दुधाचा तो खरपूस वास नाकाला येत होता, पण जिभेपर्यंत पोचतच नव्हता, साखरेनं वाटेतच त्याचा गळा धरला होता. त्यानं कसाबसा गिळला आणि पाणी मागितलं.

"झगरू! साखर कोणी घातली यात?"

"तुम्हीच घातलीत, मालिक. रोजच्या मुठींनी."

"थट्टा करू नकोस."

त्यानं बालुशाही उचलली. कोपरा मोडला, जिभेवर ठेवला. तेच. बुंदीचा लाडू. तेच. तो मान वर करून गल्लीकडे बघायला लागला. घोषालबाबू मफलर नीट करत होते. चहावाल्याला आपली किटली आठवली. ज्यांना ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं "कसा झालाय?" विचारलं होतं आणि ज्यांनी "फर्स्टक्लास, साव" म्हटलं होतं, ते सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

बटेसर साखरेच्या पोत्यावर बसला.

"कधीपासून?" त्यानं हळूच विचारलं.

"झाली की काही वर्षं," सुनैना म्हणाली. "थोडं थोडं करत वाढत गेलं. मी एकदा बोलले होते. तुम्ही झारा फेकलात."

"फेकला होता," बटेसरला आठवलं. "आणि तू, रिमझिम? तुला माहीत होतं?"

रिमझिमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबूजी, तिकडची माणसं तोंडावर काही बोलली नसती. पण घरी जाऊन हसली असती. लखीसरायच्या त्या घरात बसून तुमच्यावर हसलेलं मला ऐकवलं नसतं. म्हणून म्हटलं, काचेचं दुकान बरं. हसले तर त्याला हसतील."

बटेसरला वाटलं होतं, पोरीला बापाची लाज वाटते. आणि ही पोरगी बापाला झाकत होती. शिव्या खाऊन, रुसवा सहन करून, एका शब्दानं न सांगता. त्याचा हात सवयीनं परातीकडे निघाला, आणि "हा बघा, निघाला," असं तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याचं त्यालाच हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. तो पोत्यावर बसून गदगदा हसायला लागला, डोळे पुसत पुसत, आणि ते बघून सगळ्या गल्लीला हसायची परवानगी मिळाली.

"भौजी," तो म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं. सरळ सांगायचं ना!"

"सरळ? तुला?" भौजीनं कपाळावर हात मारला. "पालथ्या घड्यावर पाणी ओतून माझा हात दुखला असता. दुसऱ्याचं तू ऐकणार नव्हतास, म्हणून म्हटलं, तुझ्याच जिभेला साक्षीला बोलवू. पण ती आधी धुवायला हवी होती."

बटेसर उठला. त्यानं अख्खी परात उचलून झगरूकडे दिली. "हे गाईला घाल. आणि मग तिला पाणी पाज, बिचारीला." मग तो रिमझिमकडे वळला. "पैज मी जिंकलोय. पण मिठाई कोणाची ते तू ठरव. दुपारपर्यंत थांब."

त्यानं नवी कढई चढवली. आच मंद ठेवली. दूध आटेपर्यंत तो समोर बसून राहिला, काही न खाता, काही न बोलता, नाकानं आणि कानानं काम करत. दुधाचा खळखळाट बसका झाला तेव्हा झारा लावला, खवा गुलाबी झाला तेव्हा उतरवला. साखरेच्या डब्यात मूठ गेली आणि तिथंच थोडी सैल झाली. मग त्यानं एकदा, फक्त एकदा, जिभेच्या टोकावर कण ठेवला. आणि त्याला रामेसर दादा आठवला, भट्टीपुढे उकिडवा बसलेला, घामेजलेला, "अजून नको बटेसर, दुधाला बोलू दे" म्हणणारा. त्यानं डब्याचं झाकण लावून टाकलं.

रिमझिमनं पेढा घेतला, पाठमोरी होऊन खाल्ला आणि सरळ घरात गेली. बटेसरनं दाराकडे कान लावले. आतून तिचा फोनवरचा आवाज आला, "हॅलो, लग्नाची ऑर्डर दिली होती ना आम्ही, साव म्हणून... हो, ती रद्द करा."

"म्हणजे ऑर्डर दिली पण होतीस?" बटेसर बाहेरून गरजला.

"तुमच्यावर पैज कोण लावणार होतं, बाबूजी!"

लग्न थाटात झालं. बटेसर पहाटे गच्चीवर ताड होऊन यायचा आणि मग भट्टीला बसायचा, लग्नाच्या दिवशीसुद्धा, हे बघून वऱ्हाडातल्या काही जणांना मुलीच्या बापाचं डोकं फिरलंय असं वाटलं. तो कोणावर ओरडला नाही असं नाही. सवय इतकी सहजी सुटत नाही. पण तोंड उघडण्याआधी तो जरासा थबकायचा, आणि बहुतेक वेळा त्या थबकण्यातच राग निवून जायचा.

दुसऱ्या सकाळी पाठवणीच्या आधी अंगणात व्याह्यांची पंगत बसली. व्याही जागेश्वरबाबू मापानं मोठा माणूस, खाण्याच्या बाबतीत त्यांची लखीसरायभर ख्याती. एका बाजूला बायकांच्या घोळक्यात रिमझिम डोक्यावरून घुंघट ओढून बसली होती. नव्या नवरीनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नसतं, नखसुद्धा दिसू द्यायचं नसतं. बटेसर स्वतः परात घेऊन वाढत होता. जागेश्वरबाबूंनी पेढा उचलला, अर्धा तोडला, तोंडात ठेवला. त्यांचं चावणं मंदावलं.

"साव," जागेश्वरबाबू शेवटी म्हणाले, "खरं सांगा, हे पेढे कुठल्या हलवायाचे?"

बटेसरनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. हा प्रश्न ऐकायला तो जन्मभर थांबला होता, पण उत्तर त्याच्या आधी दुसरीकडूनच आलं.

"माझ्या बाबूजींचे," घुंघटाच्या आतून रिमझिम खणखणीत आवाजात म्हणाली.

बायकांनी तोंडावर पदर धरले. कोणीतरी "अगं बाई, नवरी बोलली!" म्हणून पुटपुटलं. जागेश्वरबाबू त्या लाल घुंघटाकडे बघत राहिले, मग त्यांनी उरलेला अर्धा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरं झालं बोललीस, पोरी. आता आणखी चार दे म्हणावं तुझ्या बाबूजींना."

बटेसरनं चार वाढले. पाचवा वाढताना त्याला समोरचं काही दिसत नव्हतं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.